वार्धक्यातील विस्मरण : एका निदानाचा इतिहास



'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्या तोंडात इतकी रुळलेली आहे की, ती उच्चारताना आपण एक वैद्यकीय सिद्धान्तच सांगत आहोत, हे कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. सिद्धान्त असा की, वय झाले म्हणजे बुद्धी जायचीच. तो देहाचा धर्म आहे; त्याला वैद्य नको, औषध नको, फार तर घरच्या माणसांची सहनशीलता हवी. 'म्हातारचळ' या शब्दातही हेच गृहीत धरलेले आहे. म्हातारपण म्हटले की चळ हा त्याच्या पाठोपाठ येणारच, मग त्याचे कारण कोणी शोधावे? आज मला ज्या निदानाचा इतिहास सांगावयाचा आहे, ते निदान या म्हणीच्या अगदी सीमेवर उभे आहे. त्याचे इंग्रजी नाव 'माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट', आणि डॉक्टर मंडळी त्याला नुसते 'एमसीआय' म्हणतात. मराठीत अद्याप एकच एक शब्द स्थिरावलेला नाही. या व्याख्यानापुरता मी 'सौम्य बोधक्षय' हा शब्द वापरणार आहे.

सौम्य बोधक्षय म्हणजे काय? माणसाची स्मृती अगर विचारशक्ती त्याच्या वयाच्या मानाने कमी झाली आहे, ती तपासणीत दिसते, त्याला स्वतःला किंवा घरच्यांना जाणवते. परंतु तो आपला व्यवहार आपण सांभाळतो, बँकेत जातो, भाजी आणतो, मोड मोजून घेतो. म्हणजे तो निरोगीही नाही आणि त्याला स्मृतिभ्रंश झाला आहे असेही म्हणता येत नाही. आता कोणी विचारील की, या अधल्यामधल्या अवस्थेला नाव देण्याची एवढी गरज काय? गरज अशी की, हे नाव ज्याच्या कागदावर लिहिले जाते, तो लगेच पुढचा प्रश्न विचारतो : "मग मला पुढे वेड लागणार का?" या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न वैद्यकाने साठ वर्षे केला, आणि त्या प्रयत्नात वार्धक्य म्हणजे काय, रोग म्हणजे काय, याच व्याख्या हलल्या.

जाता जाता एका शब्दाविषयी. 'स्मृतिभ्रंश' हा 'डिमेन्शिया'चा आपला प्रतिशब्द. हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात येतो हे आपणांस ठाऊक आहेच. तेथे त्याचे मूळ क्रोधात दाखविले आहे आणि त्याचा शेवट बुद्धिनाशात. गीतेतला स्मृतिभ्रंश हा विवेक सुटण्याचा आहे, वयाचा नाही. आपण शब्द तेथून उचलला आणि मेंदूच्या रोगाला लावला. उचलण्यास हरकत नाही, पण शब्दाबरोबर जुना अर्थही नकळत आत येतो. म्हातारा माणूस विसरतो, तेव्हा तो मुद्दाम करतो, हट्ट करतो, रागावून करतो असे जे घरोघर म्हटले जाते, त्याला या जुन्या अर्थाचा थोडा हातभार लागत असावा, असे मला वाटते.

असो. पश्चिमेकडे वृद्धांच्या विस्मरणाचे वर्णन काही नवे नाही. इंग्रज वैद्य जेम्स कौल्स प्रिचर्ड याने 1835 साली उन्मादावर मोठा ग्रंथ लिहिला. ताज्या घटना पुसल्या जातात आणि जुन्या घट्ट टिकतात, ही या ऱ्हासाची पहिली पायरी, असे त्याचे निरीक्षण होते. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रीबो याने 1881 मध्ये त्याच गोष्टीला नियमाचे रूप दिले : स्मृती ज्या क्रमाने बसते त्याच्या उलट क्रमाने ढासळते. आजोबांना चौथीच्या मास्तरांचे नाव आठवते आणि सकाळी पोहे खाल्ले की उपमा हे आठवत नाही, याचा उलगडा रीबोच्या नियमाने होतो. पण तो आजार आहे की नाही, हे रीबोचा नियम सांगत नाही.

तो प्रश्न ऐरणीवर आला तो फ्रांकफुर्टमध्ये. 1901 सालच्या नोव्हेंबर महिन्यात तेथील मनोरुग्णालयात एक एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. तिचे नाव आउगुस्टे डेटर, रेल्वेतील एका कारकुनाची पत्नी. नवऱ्याविषयी संशय, घरात वस्तू लपविणे, आणि विस्मरण. तिला तपासणारा तरुण वैद्य आलोइस अल्झायमर रोज तिच्याशी झालेले प्रश्नोत्तर टिपून ठेवी. तिला तिचे नाव लिहावयास सांगितले, तेव्हा 'श्रीमती' एवढे लिहून ती थांबली. पुढे काय लिहावयाचे ते ती विसरली होती. ही टिपणे पुढे हरवली असे सर्वजण समजत होते. 1995 साली ती फ्रांकफुर्टच्याच दप्तरात सापडली. ती स्त्री 1906 च्या एप्रिलमध्ये वारली. अल्झायमर तोपर्यंत म्युनिकला गेला होता. त्याने तिचा मेंदू मागवून घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या आत पिळलेल्या तंतूंचे गुंते आणि पेशींच्या बाहेर साचलेले ठिपके त्याला दिसले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्यूबिंगेन येथे वैद्यांच्या सभेत त्याने हे सांगितले, तर त्यावर कोणीही चर्चा केली नाही. एक प्रश्नसुद्धा विचारला गेला नाही.

चार वर्षांनी, 1910 मध्ये, एमिल क्रेपेलिन या त्या काळच्या मानसवैद्यकातील अधिकारी पुरुषाने आपल्या पाठ्यपुस्तकाच्या आठव्या आवृत्तीत या विकाराला अल्झायमरचे नाव दिले. पण नाव देताना एक भिंत घातली गेली. अल्झायमरचा रोग तो प्रौढ वयात, म्हातारपणाच्या आधी होणारा. सत्तरीच्या माणसाला तेच झाले तर ते वार्धक्य. म्हणजे एकच लक्षण, एकच मेंदू, परंतु रुग्ण पन्नाशीचा असला तर रोग आणि सत्तरीचा असला तर 'साठी बुद्धी नाठी'. प्रागमध्ये ओस्कार फिशर याने 1907 सालीच वृद्ध रुग्णांच्या मेंदूत तसलेच ठिपके दाखविले होते, तरी भिंत उभी राहिली ती राहिलीच. पुढील अर्धशतक रोगाचे नाव पुस्तकात होते, आणि ज्यांना तो सर्वाधिक होत होता ते म्हातारे पुस्तकाबाहेर होते.

भिंत पाडण्याचे काम प्रामुख्याने इंग्लंडमध्ये झाले. मार्टिन रॉथ याने 1955 साली चिचेस्टरजवळच्या ग्रेलिंगवेल रुग्णालयातील साठीपुढील रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. म्हातारपणी बिघडलेले सर्वच 'भ्रमिष्ट' नसतात. त्यांतील पुष्कळसे खिन्नतेने ग्रासलेले असतात, आणि हे खिन्नतेचे रुग्ण दोन वर्षांनी बहुधा बरे होऊन घरी गेलेले असतात, तर खऱ्या स्मृतिभ्रंशाचे बहुतेक रुग्ण तोवर वारलेले असतात, असे त्यात दिसले. हा शोध मला फार मोलाचा वाटतो. पत्नी गेल्यावर गप्प बसलेला, जेवणखाण टाकलेला, विचारले तर "आठवत नाही" म्हणणारा म्हातारा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्याची स्मृती गेलेली नसते, त्याचे मन लागत नसते. पुढे रॉथ न्यूकॅसलला गेला आणि तेथे टॉमलिन्सन व ब्लेस्ड यांच्यासह त्याने 1968 मध्ये दाखविले की, मेंदूतील ठिपक्यांची संख्या आणि जिवंतपणी मोजलेला स्मृतिभ्रंश यांचा एकमेकांशी संबंध आहे, मग रुग्णाचे वय काहीही असो. मात्र ज्यांची बुद्धी शेवटपर्यंत शाबूत होती अशा वृद्धांच्या मेंदूतही थोडे ठिपके त्यांना आढळले. या गोष्टीकडे आपणांस पुन्हा यावे लागणार आहे. अमेरिकेत रॉबर्ट कॅट्झमन याने 1976 साली एका लहानशा संपादकीय लेखात सरळ मांडले की, पन्नाशीचा आणि सत्तरीचा रोग एकच. आणि तसे धरले तर तो अमेरिकेतील मृत्यूच्या पहिल्या चारपाच कारणांत बसतो. त्या लेखानंतर एका पिढीत अल्झायमर हे नाव घराघरांत गेले.

एकदा वार्धक्यातील स्मृतिभ्रंश हा रोग ठरला की, तो सुरू कोठे होतो, हे विचारणे भागच पडते. रोगाला आरंभ असतो. वयाला तसा नसतो. आणि येथे मला ज्या गृहस्थाविषयी थोडे सविस्तर सांगावयाचे आहे, तो व्ही. ए. क्राल.

क्राल प्रागचा. ज्यू असल्यामुळे नाझींनी त्याला थेरेझियनश्टाटच्या छावणीत टाकले. तेथे तो कैदी होता आणि कैद्यांचा वैद्यही होता. छावणीतील माणसांची मने काय भोगतात, यावर त्याने पुढे 1951 साली लिहिले. युद्धानंतर तो कॅनडात मॉन्ट्रियलला स्थायिक झाला आणि वृद्धाश्रमातील माणसांची स्मृती तपासू लागला. 1962 साली त्याने कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. वृद्धांच्या विस्मरणाचे दोन प्रकार आहेत, असे त्याचे म्हणणे : एक निरुपद्रवी, दुसरा घातक. निरुपद्रवी विस्मरणात माणूस घटनेचा तपशील विसरतो, घटना विसरत नाही. लग्नाला गेलो होतो हे आठवते. नवऱ्यामुलाचे नाव, गावाचे नाव आठवत नाही. ते नाव दुसऱ्या दिवशी आपोआप आठवते. त्याला आपल्या उणिवेची जाणीव असते आणि तो आडवळणाने बोलून वेळ निभावतो. घातक विस्मरणात लग्नाला गेलो होतो हेच नाहीसे होते. अलीकडची घटनाच्या घटना पुसली जाते, माणसाला जागेचे आणि दिवसाचे भान राहत नाही, आणि रिकामी जागा तो नकळत कल्पित गोष्टींनी भरून काढतो. या दुसऱ्या गटातील माणसे लवकर वारतात, असेही क्रालला आढळले.

आपण साध्या बोलण्यात 'विसरणे' हे एकच क्रियापद वापरतो. क्रालने त्याची दोन क्रियापदे केली. आजही कोणी घाबरून विचारले की, "मला नावे आठवत नाहीत, हे काही वाईट तर नाही?" तर क्रालची ही वाटणी पहिल्या दिलाशासाठी पुरेशी आहे. पण तिच्यात एक अडचण होती. निरुपद्रवी प्रकारातून माणूस घातक प्रकारात सरकतो की नाही? ज्याला आज केवळ नाव आठवत नाही, त्याला पाच वर्षांनी लग्नच आठवणार नाही, असे होते काय? हे पाहावयाचे तर तीच माणसे वर्षानुवर्षे तपासावी लागतात.

1980 नंतर नावांची गर्दी झाली, आणि तिचा सविस्तर पाढा मी वाचणार नाही. न्यूयॉर्कमध्ये बॅरी राइसबर्ग याने 1982 मध्ये ऱ्हासाच्या सात पायऱ्या पाडल्या आणि तिसऱ्या पायरीला पुढे 'सौम्य बोधक्षय' हे नाव त्याच्याच गटाने लावले. त्याच वर्षी सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात एक दुसरी श्रेणी तयार झाली. तीत निरोगी माणसाला शून्य, निश्चित स्मृतिभ्रंशाला एक ते तीन, आणि शून्य व एक यांच्या मध्ये अर्धा असा गुण ठेवला होता. अर्धा गुण! वैद्यकातील संकोच इतक्या प्रामाणिकपणे आकड्यात क्वचितच उतरला असेल. 1986 साली अमेरिकेच्या एका समितीने 'वयानुसार स्मृतिक्षीणता' अशी संज्ञा काढली आणि वृद्धाची तुलना तरुणाशी करावी असे ठरविले. त्याचा परिणाम उघड होता. पन्नाशीपुढील बहुसंख्य माणसे या व्याख्येत बसू लागली. साठीच्या माणसाला विशीतल्या माणसाबरोबर पळावयास लावून तो मागे राहिला म्हणून त्याला लंगडा ठरविण्यासारखा हा प्रकार होता, आणि ती संज्ञा फार काळ टिकली नाही.

टिकली ती 1999 ची. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर गावी मेयो क्लिनिक म्हणून जे प्रसिद्ध रुग्णालय आहे, तेथील रोनाल्ड पीटरसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी आपली निरीक्षणे छापली. त्यांच्या कसोट्या पाच होत्या. स्मृतीविषयी तक्रार हवी. वयाच्या मानाने स्मृती कमी असल्याचे तपासणीत दिसावे. बाकीची बुद्धी ठीक असावी. दैनंदिन व्यवहार ठीक असावेत. आणि स्मृतिभ्रंश नसावा. अशी 76 माणसे त्यांनी निवडली आणि त्यांची तुलना निरोगी वृद्धांशी व सौम्य अल्झायमर झालेल्यांशी केली. निरोगी वृद्धांपैकी दरसाल शेकडा एकदोघांना स्मृतिभ्रंश होई. या 76 जणांत ते प्रमाण दरसाल शेकडा 12 पडले. सहा वर्षांत शेकडा 80 च्या आसपास. आकडा पाहिला की धडकी भरते. सेंट लुइसच्या जॉन मॉरिस यांच्या गटाने तर 2001 साली आणखी पुढची भूमिका घेतली. ज्यांना त्यांनी अर्धा गुण दिला होता अशा 25 मृतांचे मेंदू तपासले, तेव्हा 21 जणांत अल्झायमरच्याच खुणा निघाल्या. तेव्हा मधली अवस्था वगैरे काही नसून हा रोगच आहे, फक्त लवकर ओळखलेला, असे त्यांचे मत पडले.

येथे गोष्ट संपली असती तर निदान सोपे झाले असते. परंतु त्याच सुमारास फ्रान्समधून निराळी वार्ता आली. बोर्दो भागात रुग्णालयात न जाता घरोघर जाऊन हजारो वृद्धांची पाहणी चालली होती. 2002 साली तेथील संशोधकांनी लिहिले की, ज्यांना सौम्य बोधक्षय आहे असे ठरले होते, त्यांतील शेकडा 40 हून अधिक माणसे दोनतीन वर्षांनी तपासली असता पुन्हा सामान्य निघाली! इंग्लंडमध्ये मिचेल आणि शिरी-फेश्की यांनी 2009 मध्ये असे 41 पाठपुरावे एकत्र केले. विशेषज्ञांच्या दवाखान्यात आलेल्यांपैकी दरसाल शेकडा साडेनऊच्या आसपास, तर घरोघरच्या पाहणीत सापडलेल्यांपैकी शेकडा पाचच्या आसपास माणसे स्मृतिभ्रंशाकडे गेली. आणि दहा वर्षे थांबले तरी बहुसंख्य माणसे तिकडे गेलीच नाहीत.

मग खरे कोणाचे? माझ्या मते दोघांचेही, आणि हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे. मेयोच्या दवाखान्यात जो येतो तो चाळणीतून आलेला असतो. त्याला काहीतरी खटकले, बायकोला खटकले, घरच्या डॉक्टराला खटकले, म्हणून तो तेथवर पोचला. बोर्दोमध्ये तपासनीस आपण होऊन दार ठोठावतो. आत बसलेल्याची आदल्या रात्री झोप झालेली नसेल, त्याला कमी ऐकू येत असेल, तो नुकताच आजारातून उठला असेल. शिवाय गणिताचाही एक भाग आहे. वयोगटाच्या सरासरीपेक्षा दीड प्रमाण-विचलनाने खाली ती उणीव, असा दंडक बहुधा लावतात. हा दंडक असा आहे की, अगदी निरोगी अशा शंभर माणसांतही सहासात जण त्याच्या खाली पडणारच, कारण कोणीतरी शेवटच्या बाकावर बसावेच लागते. एकाऐवजी पाच चाचण्या घेतल्या, तर एखाद्या तरी चाचणीत मागे पडणारे आणखी वाढतात. दुसऱ्या वर्षी त्यांतले पुष्कळ जण वर सरकतात, आणि आपण म्हणतो, ते बरे झाले. मात्र परत आलेले सर्वच सुखरूप असतात असेही नाही. मेयोच्याच 2014 च्या एका पाठपुराव्यात बोधक्षयाच्या रुग्णांपैकी शेकडा 38 जण सामान्य झाले, परंतु त्यांपैकी शेकडा 65 जणांना पुढे पुन्हा बोधक्षय किंवा स्मृतिभ्रंश झालाच. चाचणी चुकली होती म्हणावे, तर ती सर्वस्वी चुकलीही नव्हती.

'वयाच्या मानाने' हे दोन शब्द निदानात सोपे दिसतात, पण सगळी मेख त्यांतच आहे. मान कोणाचे धरावयाचे? समजा, एक निवृत्त शिरस्तेदार आहेत. तीस वर्षांपूर्वीच्या दाव्याचा क्रमांक त्यांना तोंडपाठ असे. आता कोणता दावा कधी लागला एवढेच सांगता येते. वयाच्या सरासरीने ते अजून उत्तम आहेत, आणि तरीही त्यांचे स्वतःचे निम्मे भांडवल बुडालेले आहे. उलट एखादी आजी आहे, जिने पेन्सिल हाती धरलेली नाही. तिला घड्याळाचे चित्र काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवा म्हटले, तर ती नापास होईल; पण सुनेच्या माहेरच्या चार पिढ्या तिला ठाऊक असतील. 1975 साली अमेरिकेत फोलस्टीन यांनी 30 गुणांची जी परीक्षा काढली, आणि 2005 साली मॉन्ट्रियलच्या नसरेद्दीन यांनी जी अधिक बारीक परीक्षा काढली, त्या दोन्ही शाळेत गेलेल्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून रचलेल्या आहेत. मॉन्ट्रियलच्या परीक्षेत कमी शिकलेल्यास एक गुण वाढवून देण्याची तरतूद आहे. शाळेचे न मिळालेले शिक्षण एका गुणाने भरून येते, हे मानणे जरा धाडसाचेच आहे.

या अडचणीवर विचारपूर्वक काम आपल्या देशात झाले, ते हरियाणातील बल्लभगढ येथे. मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये फोलस्टीनच्या परीक्षेचे हिंदी रूप प्रसिद्ध केले. ते निरक्षर खेडुतांसाठी होते. मूळ परीक्षेत इंग्रजी शब्दाची अक्षरे उलट्या क्रमाने सांगावयाची असतात. त्याऐवजी येथे आठवड्याचे वार उलटे म्हणावयास सांगितले. लिहिलेली सूचना वाचून डोळे मिटावयाचे त्याऐवजी समोरचा करील तसे करावयाचे. दैनंदिन व्यवहाराचे मोजमाप करतानाही त्यांना नवी फूटपट्टी लागली. अमेरिकेत विचारतात की, तुम्ही धनादेश लिहिता का, मोटार चालविता का. आपल्या खेड्यातल्या म्हाताऱ्याला यातले काहीच करावे लागत नाही. त्याचे ताट कोणीतरी पुढे ठेवते, पैसा मुलाच्या हातात गेलेला असतो. एकत्र कुटुंबाची ही माया रुग्णाला सांभाळते आणि रोग झाकते. म्हणून बल्लभगढच्या संशोधकांनी घरच्यांना वेगळे प्रश्न विचारले : होळी-दिवाळीसारखे सण लक्षात राहतात का? सांगितलेला निरोप नीट पोचवितात का? घरातल्या लग्नकार्यात मत देतात का? गावात वाट चुकतात का? मला हे प्रश्न त्या संशोधनातील सर्वांत सुंदर भाग वाटतात.

कलकत्त्यात पन्नाशीपुढील माणसांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष 2007 साली प्रसिद्ध झाले आणि तीत स्मृतिभ्रंश नसलेल्यांपैकी शेकडा 14.89 जणांत सौम्य बोधक्षय आढळला. साठीपुढील भारतीयांत प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशाचे प्रमाण शेकडा 7.4, म्हणजे सुमारे 88 लाख माणसे, असा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने दिला. हैदराबादच्या सुवर्णा अल्लाडी यांनी 2013 साली 648 रुग्णांचे दाखले तपासून, दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे साडेचार वर्षे उशिरा दिसतात, आणि हे निरक्षरांनाही लागू पडते, असे दाखविले. घरी कोंकणी, बाजारात मराठी आणि कचेरीत इंग्रजी बोलणाऱ्यांना हे ऐकून बरे वाटेल.

आपल्या पुण्याशी संबंधित एक गोष्ट मात्र येथे सांगितलीच पाहिजे. विस्मरणाची काही कारणे अशी आहेत की ती सापडली तर दुरुस्त होतात : थायरॉइड ग्रंथीचा मंदपणा, झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक, खिन्नता, बहिरेपणा आणि ब-12 जीवनसत्त्वाचा अभाव. येथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील 441 पुरुषांचे रक्त तपासले आणि 2006 साली लिहिले की, त्यांतील दोनतृतीयांश पुरुषांत ब-12 कमी होते. शहरी मध्यमवर्गात तर त्याहूनही जास्त जणांत. ही माणसे वृद्ध नव्हती आणि ती पाहणी विस्मरणाची नव्हती, हे खरे. तथापि ज्या गावात शाकाहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, तेथे म्हाताऱ्याच्या कागदावर बोधक्षय लिहिण्यापूर्वी त्याचे रक्त पाहणे किती जरूर आहे, हे वेगळे सांगावयास नको.

आता औषधाविषयी. स्मृतिभ्रंशावर दिले जाणारे डोनेपेझिल आणि त्याबरोबर ई-जीवनसत्त्व यांचा प्रयोग 769 बोधक्षयी माणसांवर तीन वर्षे करण्यात आला. 2005 साली निष्कर्ष आला. डोनेपेझिलने पहिल्या वर्षी गती थोडी रोखली, पण तीन वर्षांच्या अखेरीस घेणारा आणि न घेणारा सारखेच. जीवनसत्त्वाने काहीच झाले नाही. अमेरिकन मज्जाविकारतज्ज्ञांच्या संस्थेने 2018 मध्ये जो सल्ला दिला, त्यात अशा माणसाला कोणतेही औषध लिहून देण्याचे बंधन ठेवलेले नाही. आठवड्यातून दोनदा व्यायाम करावयास मात्र सांगितले आहे.

दरम्यान निदानाची वाटच बदलली. 2004 साली पिट्सबर्गच्या संशोधकांनी स्वीडनमधील सहकाऱ्यांसह असे द्रव्य जाहीर केले की, ते टोचले असता अल्झायमरने मृतांच्या मेंदूत पाहिलेले ठिपके जिवंत माणसाच्या मेंदूत छायाचित्रात दिसू लागले. मग 2011 च्या अमेरिकन नियमावलीत बोधक्षयाची फाळणी झाली : अल्झायमरमुळे झालेला आणि इतर कारणांनी झालेला. ठिपके काढून टाकणारी औषधेही आली. लेकॅनेमॅब या औषधाला अमेरिकेत 2023 साली मान्यता मिळाली. 1795 रुग्णांवरील दीड वर्षाच्या त्याच्या प्रयोगात ऱ्हास शेकडा 27 ने मंदावला असे सांगतात. हाच फरक 18 गुणांच्या श्रेणीवर अर्ध्या गुणाहूनही कमी, 0.45 इतका भरतो. दोन्ही विधाने खरी आहेत. कोणते आधी सांगावयाचे यावर ऐकणाऱ्याची आशा ठरते. आणि घेणाऱ्यांपैकी शेकडा 12 हून अधिक जणांच्या मेंदूत सूज दिसली, हेही त्याच प्रयोगात नोंदलेले आहे. ती श्रेणी, श्रोतेहो, सेंट लुइसची तीच, अर्धा गुण देणारी.

पण न्यूकॅसलचा जुना काटा अजून निघालेला नाही. ठिपके असूनही बुद्धी शाबूत असलेली माणसे आहेतच. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन याने 678 ख्रिस्ती जोगिणींचा त्यांच्या वृद्धपणी पाठपुरावा केला. त्यांपैकी सिस्टर मेरी नावाची एक शिक्षिका 101 वर्षे जगली आणि अखेरपर्यंत परीक्षांत उत्तम गुण मिळवीत राहिली. मृत्यूनंतर तिचा मेंदू पाहिला तर तो अल्झायमरच्या खुणांनी भरलेला निघाला. तिला रोग होता की नव्हता?

याच प्रश्नावर 2024 साली वैद्यकात सरळ दोन तट पडले. अमेरिकेतील अल्झायमर असोसिएशनच्या समितीने नव्या कसोट्या प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार ठिपक्यांची खूण पटली की रोग झालाच, मग स्मृती कितीही चांगली असो. उलट ब्रूनो द्युबुआ आणि अनेक देशांतील त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी लिहिले की, लक्षणे नसलेल्या माणसाला रोगी म्हणू नये, त्याला धोका आहे एवढेच म्हणावे, कारण अशांपैकी पुष्कळांना हयातीत स्मृतिभ्रंश होतच नाही. माझा कल या दुसऱ्या पक्षाकडे आहे. ज्याला आपले घर, आपले व्यवहार आणि आपले मृत्युपत्र अजून दहापंधरा वर्षे स्वतः सांभाळता येणार आहे, त्याच्या हातात आजच रोगाचा दाखला दिला, तर घरातले लोक उद्यापासून त्याच्या सहीकडे संशयाने पाहू लागतील. 2025 च्या मे महिन्यात अमेरिकन सरकारच्या औषध-नियामकाने रक्तावरून ठिपक्यांचा अंदाज देणाऱ्या पहिल्या चाचणीला परवानगी दिली, ती मात्र विस्मरणाची लक्षणे दिसत असलेल्या माणसांपुरतीच. तेव्हा चाचणी लिहून देण्यापूर्वी डॉक्टराला समोर बसलेल्या माणसाला, क्रालने विचारले तसे, अजूनही विचारावेच लागते : नाव विसरलात, की लग्नच विसरलात?